शाल-श्रीफळानंतर काय?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आताच आपण या व्यासपीठावर एका गुरुजींना आणि एका बाईंना शाल, श्रीफळ व मानपत्र देऊन निरोप दिला. मानपत्राच्या शेवटी असे वाक्य आहे की, ही संस्था आपली सदैव ऋणी राहील. ते मानपत्र मीच लिहिले आहे. त्यामुळे मला हेही ठाऊक आहे की हे वाक्य दरवर्षी असते, फक्त वरचे नाव बदलते. आपण टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, चहा झाला. पण उद्यापासून या ऋणाची फेड आपण कशी करणार आहोत, याचा उल्लेख त्या मानपत्रात कोठेही नाही.

महाराष्ट्रात शाळेतला शिक्षक वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. ५८ हे काही थकण्याचे वय नव्हे. डोळ्यांना चष्मा असेल, गुडघा थोडा कुरकुरत असेल, परंतु तीस-पस्तीस वर्षे वर्गात उभे राहून जी नजर तयार होते, ती त्या वयात सर्वांत तीक्ष्ण असते. मूल वहीकडे पाहते आहे की वहीच्या पलीकडे, हे अशा शिक्षकाला दारातूनच समजते. ही नजर बी.एड.च्या एका वर्षात येत नाही, दोन वर्षांतही येत नाही. मी स्वतः बी.एड. आहे, म्हणून हे अधिकाराने सांगतो. आणि नेमकी ही नजर पूर्ण तयार झाली की आपण त्या माणसाला नारळ देऊन घरी पाठवतो!

नियम आहे, तो असायलाच हवा. नव्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत. माझे म्हणणे नोकरीविषयी नाही. नोकरी संपल्यावर गुरुजींनी आनंदाने, स्वखुशीने आणि विनामूल्य करावे असे काम समाजात आहे काय, आणि ते त्यांच्यापर्यंत आपण पोहोचवतो काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे मी का वळलो, ते आधी सांगतो. त्यात माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका शाळेत नवा होतो आणि वेळापत्रकाचे काम माझ्याकडे होते. जून महिना होता. आदल्याच वर्षी निवृत्त झालेले गणिताचे एक सर ओली छत्री घेऊन शिक्षक-खोलीत आले. म्हणाले, “नववीतली जी मुलं भागाकारात आणि अपूर्णांकात अडकतात, ती मला आठवड्यातून दोन दिवस द्या. शाळा सुटल्यावर बसवीन. मला काही नको.” आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हणालो, “बघतो सर, कळवतो.” आणि मी कळवले नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. कोणती खोली द्यावी, किल्ली कोणाकडे राहावी, परवानगी कोणाची घ्यावी, या विचारात आठवडे गेले. दिवाळीच्या सुटीनंतर सर पुन्हा एकदा आले, इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या, पण तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. पुढे ते मुलाकडे मुंबईला राहायला गेले.

त्या वर्षी नववीत तीन मुले गणितात फार मागे पडली. त्यांपैकी एक जूनमध्ये शाळेत परत आला नाही. मागच्या वर्षी मोटारसायकल दुरुस्तीला नेली, तेव्हा तो गॅरेजमध्ये भेटला. हात पुसून त्याने सलाम केला आणि हळूच विचारले, “सर, तो सतरा नंबरचा फॉर्म मला अजून भरता येईल का?”

बंधू-भगिनींनो, त्या सरांनी या मुलाला नक्की तारले असते, असे मी म्हणणार नाही. परंतु एक अनुभवी माणूस स्वतःहून हात पुढे करून उभा होता, एका मुलाला त्या हाताची गरज होती आणि त्या दोघांच्या मध्ये मी होतो. ही बोच मनातून जात नाही.

हा प्रश्न एका मुलाचा नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल सादर केला. ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी मध्येच शाळा सोडली होती, असे त्या अहवालात नमूद आहे. त्यानंतर २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पटावरील संख्या वाढली, मुली तर पुष्कळ पुढे आल्या. पण नाव पटावर असणे वेगळे आणि मूल शिकत असणे वेगळे. आपल्या कोकणातील कितीतरी घरांत वडील आखातात आहेत. पैसा येतो, फोनवर रोज बोलणे होते. परंतु संध्याकाळी मुलाची वही उघडून “हे उत्तर कसे आले, सांग पाहू” असे विचारणारे घरात कोणी नसते. आई बिचारी घर, सासू-सासरे, बाजारहाट, बँक हे सर्व एकटी सांभाळते. शिकवणी लावावी, तर तिथे पन्नास मुले. अशा वेळी गावात बसून असलेले निवृत्त गुरुजी ही समाजाची किती मोठी ठेव आहे, याचा विचार करा.

आपल्या परंपरेला तर ही कल्पना मुळीच परकी नाही. पहिल्या ईश्वरी संदेशातला पहिला शब्दच ‘वाच’ असा आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांपाशी खंडणीसाठी पैसा नव्हता, परंतु ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ठरवून दिले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. शिकवण्याची किंमत माणसाच्या सुटकेइतकी धरली गेली! माणूस गेल्यावरही ज्या सत्कर्मांचे पुण्य चालू राहते, त्यांत लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ज्ञानाची गणना आहे, हेही आपण मशिदीतील प्रवचनांत ऐकतो. विहीर खोदणे, मशिदीला पंखा देणे यांस आपण सदका-ए-जारिया मानतो. एखाद्या मुलाला भागाकार शिकवणे हेही त्याच जातीचे काम आहे.

अलीकडच्या इतिहासात पाहायचे, तर जामिया मिल्लिया ही संस्था आर्थिक संकटात होती तेव्हा डॉ. झाकिर हुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी वीस वर्षे दरमहा १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन न घेता सेवा करण्याची प्रतिज्ञा केली होती. आणि आपल्या महाराष्ट्रातच १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिक्षकांनी आणि शिकल्या-सवरल्या लोकांनी रात्री कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरे शिकवली. पुढे ती मोहीम राज्यभर पसरली. त्यांच्यापाशी मोठ्या इमारती नव्हत्या. वेळ मात्र त्यांनी दिला.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. निवृत्त शिक्षकांना करता येतील अशी पाच कामे मी आपल्यापुढे ठेवतो. पाचही कामे आपल्या गावात, आपल्या आवाक्यात आहेत.

पहिले काम संध्याकाळच्या अभ्यासिकेचे. मगरिब ते इशा यांमध्ये साधारण सव्वा तास मिळतो. शाळेची एक खोली किंवा जमातखाना उघडावा. एका गुरुजींनी आठवड्यातून फक्त दोन संध्याकाळी यावे. नवीन काही शिकवायचे नाही. मुलाचे मागे जे राहिले आहे, तेवढेच भरून काढायचे. वर्षातले चाळीस आठवडे धरले, तर एका गुरुजींचे शंभर तास होतात. आपल्या परिसरातले दहा जण पुढे आले, तर हजार तास. कोणत्याही देणगीदाराला देता येणार नाही अशी ही देणगी आहे.

दुसरे काम शिष्यवृत्ती परीक्षांच्या तयारीचे. आठवीतील विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, जिला आपण एन.एम.एम.एस. म्हणतो. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या, प्रत्येकी ९० गुणांच्या. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठी ही योजना असून पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये आहे. पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणारी केंद्र शासनाची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, तेव्हा आपण पुष्कळ हळहळलो. पण ही जी शिष्यवृत्ती गुणांवर मिळते, तिच्या परीक्षेला आपली किती मुले बसतात? बुद्धिमत्तेचे प्रश्न सरावाने सुटतात आणि सराव करून घेणारा माणूस लागतो. एखाद्या निवृत्त गुरुजींनी रविवारची सकाळ दिली, तर कित्येक घरांत बारावीपर्यंतच्या शिक्षणाची सोय होईल.

तिसरे काम शाळेबाहेर राहिलेल्यांचे. गॅरेजमधल्या त्या मुलासारखे कितीतरी आहेत. लग्न झाले म्हणून, आजारपण आले म्हणून, घर चालवायचे म्हणून ज्यांची दहावी राहिली, त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येते. अर्ज भरणे सोपे, पण पुस्तक घेऊन एकट्याने बसणे फार कठीण. त्यांच्याजवळ बसायला कोणी हवे. याखेरीज १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळाकरिता केंद्र शासनाचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. तो संपूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० याप्रमाणे १५० गुणांची चाचणी होते व उत्तीर्ण झालेल्यास प्रमाणपत्र मिळते. आपल्या वस्तीत सही करताना अंगठा पुढे करणाऱ्या माता-भगिनी आहेत. निवृत्त बाईंनी दुपारी आपल्या ओटीवर चार जणींना बसवले, तर त्या बायका बसचा फलक आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचू लागतील.

चौथे काम मराठीचे. आपली बरीच मुले उर्दू माध्यमात शिकतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु पुढे तलाठी, पोलीस, शिक्षक, लिपिक अशा कोणत्याही भरतीला मराठी लागते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे, तरी मुलाच्या तोंडात भाषा रुळायला केवळ तासिका पुरत नाहीत. येथे माझी एक सूचना आहे. आपल्या शेजारच्या आळीत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून निवृत्त झालेले गुरुजी राहतात. त्यांना आपण कधी बोलावले आहे काय? आपण आदराने दारात गेलो, तर ते येतील, याची मला खात्री आहे. आणि आपल्यातले निवृत्त उर्दू शिक्षक त्यांच्या मुलांना उर्दू लिपी शिकवतील, तर त्याहून चांगले काय? मुलांचे मराठी तर सुधारेलच, शिवाय दोन आळ्यांचे जाणे-येणे वाढेल. आजच्या दिवसांत त्याची किंमत फार मोठी आहे.

पाचवे काम कागदपत्रांचे. हे ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु आपल्या मुलांची नावे शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक, आधार कार्डावर दुसरी आणि रेशन कार्डावर तिसरी असतात. कोठे ‘शेख’ आधी, कोठे शेवटी. पुढे पारपत्र काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, नोकरीच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. मूल शाळेत असताना दुरुस्ती होऊ शकते, शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. निवृत्त मुख्याध्यापकांइतके हे कोणाला समजते? जूनमध्ये पंधरा दिवस त्यांनी शाळेत बसून पालकांचे कागद तपासले, तरी अनेक घरांचा पुढचा त्रास वाचेल.

शासनानेही यासाठी दार उघडलेले आहे. ‘विद्यांजली’ योजनेला ७ सप्टेंबर २०२१ रोजी नवे रूप देण्यात आले. शासकीय व अनुदानित शाळांना स्वयंसेवकांनी आपला वेळ, ज्ञान किंवा वस्तुरूप मदत द्यावी, असा तिचा उद्देश आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्वयंसेवक आणि निवृत्त मंडळींची मदत घेण्याचा विचार मांडलेला आहे. योजना पोर्टलवर आहे, पण गुरुजींच्या घरी जाऊन “सर, चला” असे म्हणण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे.

आता काही पथ्ये सांगतो. लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

स्वयंसेवकाने शिक्षकाची रिक्त जागा भरून काढू नये. २०२३ साली जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरते घेण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा डी.एड., बी.एड. होऊन वाट पाहणाऱ्या तरुणांना दुःख झाले. ते स्वाभाविक होते. आपले काम शाळेच्या वेळेबाहेरचे, शाळेला पूरक असे असावे. गुरुजी फुकट येतात म्हणून संस्थेने एक शिक्षक कमी नेमला, तर ती सेवा राहणार नाही, तो त्या तरुणावर अन्याय होईल.

मुलांच्या बाबतीत काळजी घ्यावी. खोलीचे दार उघडे असावे, दोन मोठी माणसे हजर असावीत, मुलींच्या वर्गाला निवृत्त शिक्षिका असाव्यात. यात कोणावर अविश्वास नाही. नियम सर्वांना सारखा असला की कोणाला संकोच वाटत नाही.

आणि गुरुजी, छडी घरी ठेवून यावी! आपल्या छडीनेच आम्ही घडलो, हे कबूल. पण शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. शिवाय अभ्यासिकेत मूल स्वखुशीने येते, एकदा घाबरले की पुन्हा येणार नाही. पुस्तकेही बदलली आहेत. सुरुवातीला आम्हां तरुण शिक्षकांबरोबर बसून ती पाहावीत. आम्ही आपल्याला नवे पुस्तक दाखवू, आपण आम्हाला वर्ग कसा सांभाळावा ते दाखवा. या व्यवहारात फायदा आमचाच अधिक आहे.

संस्थेनेही आपली जबाबदारी ओळखावी. येण्या-जाण्याचे रिक्षाभाडे, खडू, दिवा, पाणी यांचा खर्च संस्थेने करावा. विनामूल्य सेवा म्हणजे पदरचे पैसे घालून सेवा नव्हे. प्रत्येक गुरुजींना कोणते दिवस, किती वेळ, कोणती मुले हे आधी सांगावे. प्रकृती बरी नसेल, नातवंडे आली असतील, तर “या महिन्यात जमणार नाही” असे म्हणण्याची मोकळीक असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, खोली आणि किल्ली यांची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी. अशी चांगली कामे पैशावाचून अडतातच असे नाही, पुष्कळदा ती किल्लीवाचून अडतात. हे मी अनुभवाने बोलतो आहे.

पालकहो, आपल्याकडून एवढेच हवे की मुलाला वेळेवर पाठवा आणि गुरुजी फुकट शिकवतात म्हणून त्यांच्या शिकवण्याला कमी लेखू नका. फी भरलेल्या शिकवणीला मूल पावसात जाते आणि अभ्यासिकेला मात्र पाहुणे आले म्हणून दांडी, असे होता कामा नये. विद्यार्थी मित्रहो, आपल्या आळीतील निवृत्त सर रस्त्यात दिसले की सलाम करून पुढे जाऊ नका. “सर, हे गणित मला समजत नाही” असे विचारा. ज्याने आयुष्यभर शिकवले, त्याला यासारखा आनंद नाही.

कार्यवाहांच्या परवानगीने मी संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. तिच्यात चार रकाने आहेत: नाव, विषय, कोणते दोन दिवस आणि किती वाजता. पगाराचा रकाना नाही, मानपत्राचाही नाही. ज्या गुरुजनांना शक्य असेल, त्यांनी तिच्यात आपले नाव लिहावे. ज्यांना तिथवर येणे जमणार नाही, त्यांच्या घरी ती वही घेऊन मी स्वतः जाईन. यावेळी “बघतो, कळवतो” असे म्हणणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

मुंबईला गेलेल्या त्या सरांचा पत्ता मी मिळवला आहे. त्यांना पत्र लिहून क्षमा मागितली आहे आणि सुटीत गावी आले की चार दिवस तरी मुलांसाठी द्यावेत, अशी विनंती केली आहे. गॅरेजमधल्या मुलाला मी सांगितले आहे की, सतरा नंबरचा फॉर्म आपण दोघे मिळून भरू. तो विचारतो आहे की, गणित कोण शिकवणार?

हा प्रश्न मी या सभेपुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.